वाटेबाईचं माहेर

कलकत्ता, ४ डिसेंबर १९५२

दादास,

नमस्कार. साष्टांग नाही, नुसताच. मोठ्या भावाला साष्टांग घालायचा असतो हे आईनं शिकवलेलं मी विसरले नाही. पण साष्टांग घालायला आडवं व्हावं लागतं, आणि तुझ्यापुढे आडवं व्हायचं नाही असं मी गेल्या वर्षी ठरवलं आहे.

तू बोलत नाहीस म्हणून मीही बोलू नये असा काही कायदा नाही. माझी पत्रं तू स्वतः वाचतोस की वहिनी वाचून दाखवते, मला ठाऊक नाही. वहिनी वाचत असेल तर, प्रेमलताबाई, इथून पुढे जरा मोठ्यानं.

कामारडिहीला पुन्हा जाऊन आले. शाळेच्या मुलींची सहल घेऊन. हावड्याहून गाडीनं सैंथिया, तिथून बस, आणि शेवटी बैलगाडी. मुलींना वाटलं होतं, मास्तरीणबाई शांतिनिकेतन दाखवणार. मी दाखवली कीटाची टेकडी. लोखंड गाळून झालं की मागे जो काळा, जाळीदार कचरा उरतो तो कीट. हे तुझ्यासाठी नाही, वहिनीसाठी लिहिते. तुला कीट चांगलं कळतं, तिथेच तर आपलं बिनसलं.

वहिनी, तुला या भांडणाची एकच बाजू ऐकायला मिळाली असणार, म्हणून दुसरी सांगते. कामारडिहीत पिढ्यान् पिढ्या लोखंड व्हायचं. गावाच्या उत्तर अंगाला मुसलमान वस्ती, ते दगडातून कच्चं लोखंड गाळायचे. दक्षिण अंगाला कामार, म्हणजे आपले लोहार, ते ठोकून पक्कं करायचे. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. मग विलायती लोखंड स्वस्त झालं, कोळशाचं जंगल संपलं, भट्ट्या विझल्या. राहिली ती टेकडी. आता नव्या रेल्वेफाट्याखाली खडी घालायला ती टेकडी खणून न्यायचं ठरलं. मी तुझ्या नवऱ्याला लिहिलं, की दादा, तुझ्या ओळखीतल्या कुणाकडे शब्द टाक. उत्तर आलं ते मला पाठ आहे. ‘कीट म्हणजे कीट. खडीला उत्तम. हे मत माझंच आहे, मी त्या भागात कामावर असताना दिलेलं. तू भूगोल शिकव.’

त्यावर मी काय लिहिलं ते त्यालाही पाठ असेल.

तर दादा, गंमत अशी झाली. तुझ्या मतावर विसंबून ठेकेदारानं टेकडी खणायला घेतली, आणि अर्धी टेकडी गेल्यावर पोटातून भट्ट्या निघाल्या. रांगेनं. मातीच्या, पुरुषभर उंचीच्या, काहींच्या तोंडाशी भात्याची नळी अजून तशीच. कुणी तरी त्या विझवून, वर कीट लोटून, नीट झाकून ठेवल्यासारख्या. माझ्या वर्गातली लीना नावाची मुलगी, आपल्याच मराठी मंडळींतली, इथेच वाढलेली, मोडक्या मराठीत म्हणाली, “बाई, ही तर चुलींची गाव आहे.” मी तिचं मराठी सुधारलं नाही. मला रडू आलं होतं.

खणणं थांबवलं आहे मी. कसं, ते विचारू नकोस. एस्प्लनेडजवळच्या एका कचेरीत जाऊन बसले, एवढंच सांगते. तिथले शिपाई मला आता चहा देतात. पुरातत्त्वाचे घोषालबाबू म्हणून अधिकारी आहेत, भला माणूस, सर्दी कायमची. ते म्हणाले, “दिदिमणी, भट्ट्या आहेत हे खरं. पण ठेकेदार म्हणतो, इथे नुसता प्रयत्न झाला, धड लोखंड कधी निघालंच नाही. फसलेल्या चुली जपा म्हणून मी वर कसं लिहू? इथे झालेलं लोखंड मला दाखवा.” संक्रांत झाली की ते पाहायला येणार. तोवर काम बंद. तेव्हा दाखवता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुदळी चालतील.

खडीच्या मतावर तू जितका घट्ट बसलायस, तितकीच मी या कामावर बसले आहे, हे कळावं म्हणून लिहिलं.

सुहासिनी

*

कलकत्ता, २३ डिसेंबर १९५२

दादास,

नमस्कार, मागच्याइतकाच.

मागचं पत्र पोचलं हे मला कळलं, कारण वहिनीनं संत्र्यांची करंडी पाठवली आणि करंडीत चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी नसणं हा तुझा हुकूम, संत्री हा तिचा स्वभाव. संत्री गोड निघाली.

आता कामाचं. नाताळची सुट्टी लागताच मी एकटीच कामारडिहीला गेले. घरोघर फिरले. लोखंड दाखवा म्हटलं की लोक हसायचे. पन्नासच्या दुष्काळात, म्हणजे बंगाली सन पन्नास, आपलं १९४३ साल, घरातलं होतं नव्हतं ते लोखंड तांदळासाठी गेलं. कुऱ्हाडी गेल्या, तवे गेले, दारांचे खिळेसुद्धा गेले. त्यानंतर लोखंडाची आठवण कोण ठेवणार?

पण एका घरी कोनाड्यात एक काळा गोळा पाहिला. तेल लावलेला. शेजारच्या घरीही तसाच. दक्षिण अंगाला त्याला शेंदूर, उत्तर अंगाला नुसतं तेल. विचारलं तेव्हा कळलं ते असं. इथली मुलगी सासरी निघाली की टेकडीवरचा एक गोळा तिच्या गाठोड्यात बांधून देतात. ‘आमच्या आगीतली आहेस, विझू नकोस,’ असं म्हणून. हिंदूंकडेही आणि मुसलमानांकडेही. सुना आल्या त्या बाहेरून, त्यांच्याकडे गोळा नाही. ज्या घरी लेक विधवा होऊन परतली, त्या घरी तो गोळाही परत आला. मी पाहिले ते असे परतलेले गोळे.

दादा, मी ते पाहून जमिनीवर बसले. कारण हा गोळा मी जन्मभर पाहिला आहे, आणि तूही.

आपली वाटेबाई.

आठवते का तुला, आई काय सांगायची? अण्णा सडकेच्या कामावर ओव्हरसियर होते, आई त्यांच्याबरोबर मुलखात हिंडत होती, बंगाली एक अक्षर येत नव्हतं, आणि वाटेत एका बाईनं तिच्या पदरात ही देवी घातली. तेल लावलेला काळा दगड. आई साताऱ्याची. तिच्या माहेरी शेंदूर फासलेला तांदळा, बिनचेहऱ्याचा दगड, हीच देवी. तिला वाटलं, आपली देवी आपल्यामागून बंगालपर्यंत चालत आली. वाटेत भेटली म्हणून वाटेबाई. त्या बाईनं तेलाची खूण करून सांगितलं, ‘तेल दिओ’, तेल देत जा. आईनं ते व्रत समजून आयुष्यभर पाळलं. वाटेबाईला पाणी नाही, नुसतं तेल. आणि दगडाला जी खाच आहे, ते देवीचं तोंड. त्यात रोज साखरेचा दाणा.

ती खाच तोंड नाही, दादा. कच्च्या लोखंडाचा गोळा भट्टीतून निघाला की तापलेला असतानाच कुऱ्हाडीनं अर्धा चिरायचे. आतला पोत कामारांना दिसावा, सौद्यात फसवाफसवी नको, म्हणून. इथे बाकीच्यांना मिळाले ते नुसत्या कीटाचे गोळे, त्यांना खाच नाही. आईला पाहुणीण म्हणून, परमुलखातली म्हणून, कुणी तरी घरातला खरा गोळा दिला. शेवटच्या भट्टीतला.

आणि आईच्या तेलानं तो गंजला नाही.

आई गेल्यावर मी तुझ्याजवळ ती एकच वस्तू मागितली होती. तू म्हणालास, देव थोरल्याकडे जातात. गेले. आता तुझ्या नागपूरच्या देवघरात ज्याला रोज तेल चोळलं जातं, तो कामारडिहीत झालेल्या लोखंडाचा माझ्या माहितीतला एकमेव तुकडा आहे. मला तो घोषालबाबूंपुढे ठेवायचा आहे. परत करीन. पार्सलनं पाठव, विम्यानं पाठव, कसाही पाठव.

आणखी एक गोष्ट मला तिथे कळली. ती आज लिहीत नाही.

सुहासिनी

*

कलकत्ता, ८ जानेवारी १९५३

दादास,

नमस्कार आणि संक्रांतीचा तिळगूळ, आधीच. पुडीतला गूळ खजुराचा आहे, इथे या दिवसांत तोच मिळतो. गोड बोल असं म्हणत नाही, आधी बोल तरी.

पार्सल आलं नाही. उत्तर आलं नाही. या वेळी संत्रीही आली नाहीत, त्यावरून तू मागचं पत्र स्वतः वाचलंस आणि वहिनीला दाखवलं नाहीस, की दाखवलंस आणि घरात काही तरी झालं, याचा मी विचार करते आहे.

देवाला बाहेर काढायचं नसतं, हे तुझं म्हणणं असणार. किंवा बहिणीनं तुझ्या आईच्या देवीला कचरा म्हटलं, याचा राग. कचरा मी म्हटलं नाही, तूच म्हटलंस, सरकारी कागदावर. तू ज्याला खडी म्हणालास त्याच्यापुढे तुझी बायको रोज निरांजन ओवाळते. मी हे वर्षभर उगाळून हसणार होते. आता हसू येत नाही.

मागच्या पत्रात मी एक नावही गाळलं होतं, ते मुद्दाम. तुझा नकार त्या नावावर पडू नये म्हणून. पण तू तसाही गप्पच आहेस, मग लपवून काय मिळवलं? आईच्या पदरात वाटेबाई घालणारी बाई उत्तर अंगाची. तिची मुलगी राबेया अजून आहे, साठीची असेल. तेव्हा पोरवयाची होती, पण तिला आईची नऊवारी आठवते. ‘मागून धोतरासारखा काष्टा मारलेली बाई,’ म्हणाली, आणि आठवून आताही हसली. तर दादा, आपल्या देवघरातली देवी एका मुसलमान घरातून आली आहे. दिली तेव्हा नुसतं तेल होतं. कुंकू आईनं लावलं. सेहेचाळीस साली याच शहरात काय काय झालं ते तुलाही माहीत आहे, मलाही. त्या दिवसांतही आपल्या घरी राबेयाच्या आईची भेट देव्हाऱ्यात होती, आणि आई तिच्यापुढेच हात जोडून ‘सगळ्यांना सांभाळ’ म्हणत होती. मला याचा इतका आनंद होतो की कुणाला सांगू असं झालं आहे, आणि सांगायला तूच आहेस.

हात जोडून बसणारी मी नाही, हे तुला ठाऊक आहे. पौष संक्रांतीला इथल्या लेकी माहेरी येतात, पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाची गोड पक्वान्नं, करायला आणि खायला. राबेया आणि दक्षिण अंगाची कुसुम, दोघींनी मिळून बाजारच्या दिवशी सांगावा धाडला आहे. भाजीवाल्या, बांगड्यावाल्या, बैलगाडीवाले, सगळ्यांबरोबर. की या संक्रांतीला माहेरी येताना आपापला गोळा घेऊन या. कुणाकडे तरी खाच असलेला निघेल. निघेलच असं नाही. राबेया म्हणते, तिच्या आठवणीत खरं लोखंड फक्त एकदाच दिलं गेलं.

घोषालबाबू सतरा तारखेला येतात. ठेकेदारानं टेकडीशेजारी ट्रक आणून उभे केले आहेत, म्हणजे अठराला वेळ जायला नको. मी पंधराला पहाटे निघते.

सुहासिनी

*

कलकत्ता, २० जानेवारी १९५३

दादास,

नमस्कार!

उद्गारचिन्ह माझ्या हातून सहसा पडत नाही. मुलींच्या निबंधातली मी खोडते. आज पडलं, राहू दे.

सगळ्यात आधी, तुझी बायको माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. या क्षणी ती स्वयंपाकघरात माझ्या मोलकरणीला भाकरी थापायला शिकवते आहे, मोलकरीण बंगालीत ओरडते आहे आणि वहिनी मराठीत. तुझ्यासाठी चिठ्ठी ठेवून निघाले म्हणाली. ‘दौऱ्यावरून याल तेव्हा आमटी जाळीच्या कपाटात आहे’ एवढीच. बाकी तपशील मी द्यावा असं तिचं म्हणणं पडलं.

तर झालं असं. पंधराला पहाटे मी हावड्यावर सैंथियाची गाडी पाहत उभी होते. समोरून मेल आली नागपूरची. बायकांच्या डब्यातून एक बाई उतरली, सोवळ्याच्या लोकरी धाबळीचं गाठोडं उराशी आवळून धरलेली, जसं काही तान्हं मूल आहे. मी म्हटलं, ही तर वहिनी. जी नाशिकला जायचं तरी दिराला बरोबर घेते ती. जवळ येऊन म्हणाली, “वन्सं, तुमची दोन्ही पत्रं त्यांच्या कोटाच्या खिशात सापडली. देवी माहेरी जायची म्हणते तर तिला पार्सलनं कशी पाठवायची? लेकीला कुणी पोस्टानं पाठवतं का?”

मग आम्ही तिघी निघालो. वाटेबाई मांडीवर. बैलगाडीत वहिनी एकदाच बोलली. “तो दुसरा तपशीलही वाचला मी. राबेयाचा. तिच्यासाठी चोळीचा खण आणलाय.” मी तोंड वळवून शेतांकडे पाहत राहिले, कारण तुझ्या बायकोला मी एवढी वर्षं ओळखलंच नव्हतं.

सतराला सकाळी घोषालबाबू आले, गळ्याला मफलर, शिंकत. ठेकेदार आला. आणि मग बायका यायला लागल्या. दादा, ते मी लिहिते खरी, पण लिहून कळायचं नाही. बांधावरून, नदीच्या पात्रातून, सडकेनं. कुणी लेकरू कडेवर आणि गोळा फडक्यात, कुणी बुरख्यात, कुणी टोपलीत पिठ्यांशेजारी ठेवून. एक तर पार बराकपूरहून आली, तिचा नवरा तिथे गिरणीत आहे. उत्तर अंगाच्या, दक्षिण अंगाच्या, एकमेकींना वर्षांनी भेटणाऱ्या. आपापला गोळा भट्टीपुढे ठेवत गेल्या. नेलेल्या टेकडीतली जणू एक लहानशी टेकडी परत आली.

घोषालबाबूंनी एकेक गोळा उचलून पाहिला. हातोडीनं ठोकला, चुंबक लावला. सगळं कीट. ठेकेदार हसला नाही, उगाच खोटं कशाला लिहू, पण घड्याळ पाहिलं. म्हणाला, “साहेब, रेल्वेच्या मोठ्या इंजिनियरनं कधीच लिहून ठेवलंय, इथे नुसता कचरा आहे.”

तेव्हा वहिनी पुढे झाली. डोक्यावर पदर, तिच्या त्या नागपुरी हिंदीत म्हणाली, “वो इंजिनियर साहब हमारे घर के हैं. उनके देवघर में क्या है, वो देखो.”

धाबळी सोडली आणि वाटेबाई भट्टीपुढे ठेवली. तेलानं चकचकीत, खाचेत साखरेचा दाणा अजून तसाच.

घोषालबाबूंनी चुंबक जवळ नेला तर हातातून सुटून तो देवीला जाऊन चिकटला. त्यांची शिंक अर्ध्यात थांबली. मग ते वहिनीकडे पाहून चाचरले. म्हणाले, आत काय आहे हे पाहायला कानशीनं घासावं लागेल, पण ही तर आपली ठाकूर, देवी. मी ते वहिनीला मराठीत सांगितलं. पंचवीस वर्षं जिच्यापुढे डोकं टेकलं तिच्यावर कानस चालवू देईल का ही?

वहिनीनं वाटेबाईला नमस्कार केला. मग म्हणाली, “रोज मीच तिला चोळते. आज तुम्ही चोळा.”

कानस लागली. काळं गेलं, तपकिरी गेलं, आणि खालून चांदीसारखं पांढरं लख्ख लोखंड निघालं. घोषालबाबूंनी भिंग लावलं. खाचेकडे पाहिलं. गोळ्याच्या पाठीला चिकटलेली तांबडी माती, जिला आई देवीचा शालू म्हणायची, ती भट्टीच्या आतल्या मातीशी लावून पाहिली. एकच माती, एकच भुसा मळलेला. मग चष्मा पुसत उभे राहिले आणि म्हणाले, “या चुली फसल्या नव्हत्या. असं लोखंड तर आजही कुणाला हवं असेल.”

आणि बायकांनी उलू केला. तो बंगालचा उलुध्वनी, जिभेनं कापत वर चढणारा. तो लग्नात ऐकला होता, पूजेत ऐकला होता. भट्टीपुढे, उत्तर आणि दक्षिण दोन्ही अंगांनी एकदम, कधी ऐकला नव्हता. ज्या करत नसतात त्यांनीही केला. ठेकेदाराच्या ट्रकवाल्यांनीही भोंगे वाजवले, कुणाच्या बाजूनं ते त्यांनाच माहीत.

जिंकलो, दादा. घोषालबाबूंनी तिथल्या तिथे लिहून दिलं. भट्ट्या, उरलेली टेकडी, दोन्ही अंगांमधली जागा, सगळं राखायचं. बायकांनी आपले गोळे परत नेले नाहीत. त्यांचा एक ओटा बांधायचा ठरलं आहे भट्ट्यांभोवती. पण वाटेबाई तिथे ठेवायची नाही, यावर राबेया अडून बसली. “लेक माहेरी येते ती परत जायला. ती तिच्या सासरीच शोभते.” वहिनीनं तिच्या ओटीत खण घातला. कुंकू लावायला हात पुढे गेला आणि थांबला, तेव्हा राबेयाच म्हणाली, “तेल लाव, मा. आमच्याकडे तेलच.” वहिनीनं तिच्या केसांना तेल लावलं.

आता तो अजूनही राहिलेला तपशील, ‘आज लिहीत नाही’ म्हटलं होतं तो. मी तो महिनाभर तुझ्यापासून लपवला, कारण तो लिहिला असता तर तू दगड पाठवला असतास, आणि मला तुझ्याकडून कनवाळूपणानं काही नको होतं. आता जिंकले आहे, आता सांगते.

आई सांगायची, ‘माधव वाटेत झाला.’ आपण समजायचो, बैलगाडीत. तसं नाही. तू कामारडिहीत झालास, उत्तर अंगाला, राबेयाच्या घरी. अण्णांचा तंबू पावसानं वाहून गेला होता आणि आईला कळा सुरू झाल्या होत्या. तुझी नाळ राबेयाच्या आईनं कापली. पहिली अंघोळ तुला राबेयानं घातली, म्हणजे तिनं पाणी आणून दिलं आणि पाहत उभी राहिली. आई पुढच्या मुक्कामी निघाली तेव्हा तिला गोळा दिला तो पाहुणीण म्हणून नव्हे. मी मागे चुकीचं लिहिलं. ‘हिचं पहिलं मूल आमच्या घरी झालं, म्हणजे ही आमची लेक,’ म्हणून दिला. शेवटच्या भट्टीचं लोखंड घरात तेवढंच होतं.

ज्या टेकडीला तू कचरा म्हणालास, दादा, तिच्या पायथ्याशी तुझी नाळ पुरली आहे.

राबेयानं वाटेबाईला मांडीवर घेतलं, खाचेवरून बोट फिरवलं, आणि मला विचारलं, “आणि खोका कुठे आहे?” खोका म्हणजे बाळ. मुलगा. मी म्हटलं, खोका आता बावन्न वर्षांचा आहे, टक्कल पडलं आहे, नागपूरला मोठा साहेब आहे आणि रागावला आहे. ती म्हणाली, “खोका तेव्हाही फार रागावायचा. त्याला आणा.”

तेव्हा हे असं आहे. वहिनी इथे आहे, वाटेबाई इथे आहे. दोघींची परत जायची तयारी आहे, पण माहेरी गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्यानं यायचं असतं, ही रीत तुलाही ठाऊक आहे. पोस्टानं आम्ही कुणालाच पाठवणार नाही.

सुहासिनी

*

कलकत्ता, २७ जानेवारी १९५३

ती. स्व. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र नागपूरला पोचेल तेव्हा तू गाडीत असशील. तरी लिहिते, कारण समोर आल्यावर मी नक्की काही तरी खोचून बोलेन आणि हे राहून जाईल. मला तुझी फार आठवण येत होती.

वहिनीनं सकाळपासून तुझ्यासाठी पुरण शिजवायला घेतलं आहे आणि मला हरभऱ्याची डाळ चुकीची आणली म्हणून बोलते आहे. बैलगाडी सांगून ठेवली आहे. कामारडिहीत निरोप गेला आहे. राबेया दिवसातून दोनदा सडकेपर्यंत येऊन पाहते, असं कुसुमनं कळवलं. ठेकेदाराचे ट्रक गेले. ओट्याचा पाया घातला आहे, त्यात एका गोळ्याची जागा रिकामी ठेवली आहे. तिथे काय बसवायचं ते तू ठरव, तू इंजिनियर आहेस.

तार काल दुपारी आली. तारबाबू हाजरा रोडवर आम्हाला चांगला ओळखतो, तरी तो जिना चढून वर आला आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, “दिदिमणी, नागपूरच्या तारेत काही तरी चूक दिसते. सरळ मजकूर आहे, गुरुवारी पोचतो म्हणून. पण खाली पाठवणाऱ्याचं नाव ‘खोका’ आहे. इतक्या दुरून तार करणारा हा कोणाचा लहान मुलगा?”

मी म्हटलं, चूक नाही. तो माझा मोठा भाऊ आहे.

सुहासिनी